महावितरणचे ॲप आणि संकेतस्थळ : भाड्याच्या फ्लॅटमधून

सांगलीहून बदली होऊन जूनच्या पहिल्या पावसात मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका तीन मजली इमारतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटवर राहायला आले, आणि सप्टेंबर संपत आला तरी त्या फ्लॅटचे एकही वीजबिल माझ्या हाती पडले नव्हते. महावितरणच्या ॲपविषयी आणि संकेतस्थळाविषयी आजवर जी मते वाचली, ती बहुतेक स्वतःच्या घरात राहणाऱ्यांची, म्हणजे ज्यांच्या नावाने मीटर आहे, ज्यांचा मोबाईल क्रमांक कंपनीकडे नोंदवलेला आहे आणि ज्यांच्या कपाटात जुन्या बिलांची फाईल आहे अशा लोकांची होती. भाडेकरूकडे या तीनपैकी काहीच नसते. अशा माणसाला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने मी येथे लिहिणार आहे.

बिल येत नाही हे माझ्या लक्षात आले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. लक्षात आले होते, पण त्याचा त्रास वाटत नव्हता. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जिना ओला असतो, नवे कार्यालय, नवी माणसे, आणि त्यात एखादा कागद आला नाही तर कोण चौकशी करत बसतो! एकदा घरमालक काकांना फोन केला तेव्हा ते इचलकरंजीहून म्हणाले, "अहो ताई, बिल येतंय की दर महिन्याला, खाली मीटरजवळ बघा." खाली पाहिले. मीटरच्या जाळीत शेजाऱ्यांची बिले खोचलेली होती, त्यांत आमचे नव्हते. पुढच्या महिन्यात येईल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि विषय सोडून दिला.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात सकाळी साडेनऊला दोन कर्मचारी हातात यादी घेऊन दारात उभे राहिले. "ताई, तीन महिन्यांचं बिल थकलंय, आज लाईन बंद करायला आलोय." दोघेही सौजन्याने बोलत होते हे आवर्जून नोंदवते. बिलच मिळाले नाही असे मी सांगितल्यावर त्यांतील वयाने मोठे असलेले गृहस्थ म्हणाले, "बिल मिळालं नाही असं यादीत लिहायला जागा नसते. दुपारपर्यंत भरा, पावती दाखवा, आम्ही याच गल्लीत आहोत." समोरच्या फ्लॅटमधील काकूंनी मध्ये पडून रदबदली केली, त्याचाही या मुदतीत थोडा वाटा असावा.

हातात तीन तास होते. फोनवर महावितरणचे ॲप उतरवायला दोन मिनिटे लागली, आणि पहिल्याच पडद्यावर त्याने ग्राहक क्रमांक विचारला. तो १२ अंकी क्रमांक माझ्याकडे नव्हता. भाडेकरारात "वीजबिल भाडेकरूने वेळच्या वेळी भरावयाचे आहे" असे ठसठशीत वाक्य होते, परंतु कोणत्या जोडणीचे बिल, हे अकरा महिन्यांच्या त्या करारात कोठेही लिहिलेले नव्हते. काकांना पुन्हा फोन केला, तर त्यांची फाईल इचलकरंजीतील जुन्या घरी होती आणि ते स्वतः जोतिबाला निघाले होते.

क्रमांक सापडला तो स्वयंपाकघरात. फळीवर अंथरलेले कागद उचलून पाहताना तेलाच्या डब्याखाली कोण्या एके काळचे वीजबिल दुमडून घातलेले मिळाले. डब्याच्या बुडाचा पिवळट गोल नेमका ग्राहक क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवर उमटला होता. कागद खिडकीशी धरून उजेडात पाहिला तेव्हा एक अंक स्पष्ट दिसला, दुसरा तीन की आठ ते कळेना. तीन घालून पाहिले, ॲपने क्रमांक चुकीचा असल्याचे सांगितले. आठ घातल्यावर काकांचे नाव झळकले. त्याच बिलावर 'बीयू' म्हणजे बिलिंग युनिटचा चार अंकी क्रमांकही असतो. संकेतस्थळावर खाते न उघडता बिल पाहायचे असेल, तर ग्राहक क्रमांकाच्या जोडीला तोही हाताशी ठेवावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नाव जुळले म्हणून मीटर आपलेच असे होत नाही. आमच्या इमारतीत जिन्याखाली बारा मीटर एका लाकडी फळीवर बसवलेले आहेत, आणि त्यांच्याखाली खडूने लिहिलेले फ्लॅट क्रमांक निम्मे पुसलेले आहेत. काकांचेच दोन फ्लॅट या इमारतीत असल्यामुळे चुकून दुसऱ्याचे बिल मी भरले असते. म्हणून बिलावरचा मीटर क्रमांक फळीवरच्या मीटरशी ताडून पाहिला, आणि तेवढ्यावर न थांबता काकूंना वर उभे करून गीझर चालू करायला सांगितले. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झाले, हे मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते. गीझर चालू होताच आमच्या म्हणून समजलेल्या मीटरचा दिवा घाईघाईने लुकलुकू लागला, आणि मुख्य बटण बंद करताच तो थांबला. भाड्याचे घर घेताना नळ आणि पंखे तपासतो, तशी ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला काय हरकत आहे?

क्रमांक मिळाल्यानंतरचा प्रवास मात्र सुखाचा झाला, आणि या सेवेला मी गुण देते ते येथे. ॲप मराठीत चालते. थकीत रक्कम, मागील महिन्यांची बिले, केलेला भरणा आणि त्याच्या पावत्या हे सगळे एका ठिकाणी दिसते, आणि बिल उतरवून घेता येते. एका खात्याखाली एकापेक्षा अधिक ग्राहक क्रमांक जोडता येतात, त्यामुळे गावाकडचे आईचे बिलही मी आता येथूनच पाहते. थकबाकी साधारण ४,४६० रुपये निघाली. त्यांतील तीन महिन्यांचे ३,६४० माझे होते, ७८० रुपये आधीच्या भाडेकरूच्या शेवटच्या महिन्याचे होते, आणि उरलेला विलंब आकार, जो थकीत रकमेवर सव्वा टक्का लागतो. दंड चाळीस रुपयांचा आणि धास्ती पुरवठा तुटण्याची, असा हा हिशेब होता. पैसे भरले, पावती फोनवर आली, ती गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या दोघांना दाखवली आणि प्रकरण दुपारपूर्वी मिटले.

घाईचे काम झाल्यावर मी बिले शांतपणे उघडून पाहिली, आणि बिले कोठे गेली याचे उत्तर त्यांतच मिळाले. प्रत्येक बिलात 'गो-ग्रीन'ची १० रुपयांची सूट वजा झालेली होती. कागदी बिल नको, ई-मेलवर पाठवा, अशी नोंदणी ग्राहकाने केली की ही सूट मिळते. नोंदणीसाठी छापील बिलाच्या कोपऱ्यातील 'जीजीएन' हा क्रमांक लागतो. बिलावर नोंदवलेला मोबाईल क्रमांक मधले अंक झाकून छापलेला होता आणि त्याचे शेवटचे दोन अंक ना माझ्या फोनचे होते ना काकांच्या. काकांकडून आधीच्या भाडेकरूचा क्रमांक घेतला. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून आता पुण्याला गेलेला तो तरुण मुलगा फोनवर मोकळेपणाने हसला. "होय ताई, मला मेसेज येतात की दर महिन्याला. परवा लाईन तोडणार म्हणून पण आला होता. मला वाटलं काकांनी दुसरा फ्लॅट माझ्या नंबरला जोडला की काय." त्याने दहा रुपयांची सूट मिळावी म्हणून दोन वर्षांपूर्वी नोंदणी केली होती, आणि घर सोडताना ती काढायची असते हे त्याच्या गावीही नव्हते.

म्हणजे चार महिने आमचे बिल तयार होत होते, वेळेवर पाठवले जात होते आणि पुण्यातल्या एका माणसापर्यंत व्यवस्थित पोहोचतही होते. मी जिन्याखालच्या जाळीत जे शोधत होते ते छापलेच जात नव्हते. ज्यांना कागदी बिल अचानक येईनासे झाले आहे, त्यांनी टपाल, वाटप किंवा शेजारी यांच्यावर संशय घेण्यापूर्वी बिलातील ही एक ओळ पाहावी, असे मला वाटते.

त्या मुलावर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे त्याच संध्याकाळी कळले. सांगलीत विश्रामबागेतील ज्या खोलीत मी तीन वर्षे राहिले, तिच्या वीजबिलाचे संदेश अजून माझ्याच फोनवर येत होते. जूनपासून आलेले चार संदेश मी न वाचता पुसले होते. तिथे आता कोण राहते ते मला ठाऊक नाही, घरमालकिणीला फोन करून सांगितले तेव्हा त्यांनी "अगं बाई, म्हणून ती पोरगी सारखी विचारत होती होय!" एवढेच उद्गार काढले.

मोबाईल क्रमांक बदलणे सोपे आहे. ज्या फोनवर संदेश हवे आहेत त्यावरून 'एमआरईजी' ही चार इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून १२ अंकी ग्राहक क्रमांक, असा संदेश ९९३०३९९३०३ वर पाठवायचा. ॲपवरून, संकेतस्थळावरून किंवा १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ या निःशुल्क क्रमांकांवरूनही ते होते. सोपेपणाची दुसरी बाजू अशी की, घरमालकाला न विचारताही भाडेकरू हे करू शकतो, आणि मग पुढच्या भाडेकरूवर माझ्यासारखी पाळी येते. म्हणून मी आधी काकांना लेखी संदेश पाठवून त्यांची संमती घेतली आणि 'गो-ग्रीन' नोंदणीत माझा ई-मेल घातला. कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि ताबा घेतल्याच्या दिवशीचे रीडिंग, या तीन गोष्टी करारात लिहून घेण्याचा आग्रह धरला. दलालाने "असं कुणी लिहीत नाही मॅडम" म्हणून नाक मुरडले. त्याने घेतलेल्या एका महिन्याच्या भाड्याइतक्या दलालीत घराची किल्ली आणि चहा एवढेच बसत असावे.

आधीच्या भाडेकरूच्या ७८० रुपयांचे काय, असा प्रश्न उरला होता. कंपनीच्या लेखी ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने जोडणी आहे तो, आणि थकले तर अंधार मात्र जो राहतो त्याच्या घरात. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एखादी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांत थकबाकी म्हणून सतत दाखवली गेली नसेल, तर ती पुढे वसूल करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. भाडेकरूसाठी यातील व्यवहाराचा भाग एवढाच, की कोणाची किती युनिटे हा वाद कंपनीशी घालण्याचा नसून घरमालकाशी घालण्याचा आहे, आणि तो जिंकायचा तर ताबा घेतल्याच्या दिवसाचा मीटरचा फोटो हवा. माझ्याकडे तो नव्हता. सुदैवाने बिलावरील मागील वापराच्या आलेखात जूनचा खांब स्पष्टपणे वेगळा दिसत होता, काकांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला, आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यातून ७८० रुपये वळते करायला मान्यता दिली.

तो आलेख आणखीही कामाचा आहे. मी येण्यापूर्वी मागच्या वर्षी हा फ्लॅट दोन महिने बंद होता, तरीही बिल शून्य नव्हते, कारण स्थिर आकार घर बंद असले तरी लागतो. वापराची युनिटे, स्थिर आकार, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातील फरक) आणि १६ टक्के वीज शुल्क हे सगळे बिलात सुटे दिसते. फोनवरच्या पैसे भरण्याच्या इतर ॲपमध्ये, उदाहरणार्थ फोन पे किंवा गुगल पे यांत, बिलावरची माहिती घातली की देय रक्कम येते आणि भरताही येते, परंतु ती रक्कम कशाची, हे तेथे उलगडत नाही. घाईत भरायचे असेल तर ती ॲप ठीक आहेत. घरमालकाशी किंवा खोलीतील भागीदारांशी हिशेब करायचा असेल तर महावितरणचेच ॲप उघडावे.

बिलाच्या दर्शनी भागावर तीन रकमा छापलेल्या असतात: लवकर भरल्यास, देय तारखेपर्यंत भरल्यास आणि त्यानंतर भरल्यास. लवकर भरण्याची एक टक्का सूट, ऑनलाइन भरण्याची पाव टक्का सूट आणि गो-ग्रीनचे दहा रुपये धरले, तर माझ्या बाराशे-तेराशेच्या बिलात महिन्याला साधारण पंचवीस रुपये वाचतात. वर्षाचे तीनशे म्हणजे दोघींची मिसळ, जादा कट आणि वर जादा ब्रेड. फार मोठी बचत नाही, पण मिसळ मिसळच असते.

उणिवेकडे येते. ही सगळी यंत्रणा एका जोडणीला एकच माणूस असतो, असे गृहीत धरून उभी आहे. घर एकाचे, राहणारा दुसरा आणि बिल भरणारा कदाचित तिसरा, अशी स्थिती शहरांतील हजारो फ्लॅटमध्ये असताना 'मी येथे भाड्याने राहतो, या तारखेपर्यंत संदेश मलाही पाठवा' असे सांगण्याची वेगळी जागा ॲपमध्ये असायला हवी. करार संपण्याची तारीख घालता आली आणि त्या दिवशी नोंद आपोआप मालकाकडे परत गेली, तर माझी कहाणी घडलीच नसती. दुसरे म्हणजे, ग्राहक क्रमांकाशिवाय ॲप एक पाऊलही पुढे जाऊ देत नाही. दुसऱ्याचे बिल कोणीही पाहू नये म्हणून हे बंधन योग्यच आहे. पण जुने बिल नसलेल्या आणि घरमालक फोन न उचलणाऱ्या भाडेकरूने मीटर क्रमांकाचा फोटो आणि भाडेकराराची प्रत घेऊन जवळच्या उपविभागीय कार्यालयात जावे, एवढी सूचना तरी त्या पहिल्या पडद्यावर मराठीत दिसावी. आज ती शहाणपणाची गोष्ट शेजारच्या काकूच सांगतात.

मीटरचे रीडिंग स्वतः पाठवण्याची सोय ॲपमध्ये आहे, तिचा उल्लेख करते. आमच्या जिन्याखालचा दरवाजा रविवारी आणि सणाला कुलूपबंद असतो, आणि रीडिंग घेता आले नाही की सरासरीचे बिल येते. पुढे खरे रीडिंग आल्यावर हिशेब जुळतो हे खरे, पण मधल्या काळात कोणी घर सोडून गेले तर जुळलेला हिशेब नव्या माणसाच्या वाट्याला येतो. ठरलेल्या दिवसांत फोटोसह रीडिंग पाठवले की हा घोळ टळतो.

पाणीपट्टीविषयी थोडक्यात. आमच्या इमारतीला महापालिकेची एकच सामाईक जोडणी आहे, तिचे बिल इमारतीच्या खात्यातून भरले जाते आणि देखभाल खर्चात विभागून येते, त्यामुळे भाडेकरूला तो कागद दिसतच नाही. स्वतंत्र नळजोडणी असलेल्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी मात्र वीजबिलाइतकीच चौकशी पाणीबिलाचीही करावी. राजारामपुरी 'ई' वॉर्डात येते. आपला वॉर्ड कोणता आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक कोणता, हे दोन्ही मालकाकडून लिहून घ्यावे.

एकूण पाचपैकी चार गुण. राखून ठेवलेला एक गुण भाडेकरूच्या स्वतंत्र नोंदीसाठी आहे. ऑक्टोबरपासूनची सगळी बिले मला ई-मेलवर आली आहेत. तेलाच्या डब्याखालचे ते जुने बिल मी टाकून न देता पारदर्शक पाकिटात घालून मुख्य बटणाच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे, आणि त्यावर पुसट झालेला आठ बॉलपेनने गिरवला आहे.